ज्या संस्कृतने रमाबाईंना पंडिता केलं, तेच संस्कृत त्यांनी केडगावच्या मुलींसाठी बाजूला ठेवलं

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवर केडगाव नावाचं स्टेशन आहे. साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी या गावाजवळच्या माळावर एक छापखाना चालायचा. तिथे खिळे जुळवणाऱ्या, कागद लावणाऱ्या, छापलेली पानं मोजून बांधणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या.

यातल्या बऱ्याच जणी दुष्काळातून वाचून आलेल्या. कुणी मध्य प्रांतातली, कुणी गुजरातेतली. कुणी विधवा, कुणाला घरच्यांनीच टाकून दिलेलं. इथे येण्याआधी त्यातल्या बहुतेकींना अक्षर म्हणजे काय हेही माहीत नव्हतं.

आणि या छापखान्यात ज्या बाईंचं लिखाण छापलं जात होतं, त्यांना ऐन विशीत कलकत्त्याच्या विद्वानांनी संस्कृतवरच्या प्रभुत्वासाठी पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या होत्या.

त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई म्हटलं की आपल्याला शारदा सदन आठवतं, त्यांनी केलेलं धर्मांतर आठवतं, त्यावरून पेटलेला वाद आठवतो. पण त्यांच्या आयुष्यात एक प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत राहिला, त्याची चर्चा कमी होते. तो प्रश्न म्हणजे, बाईने शिकायचं ते कोणत्या भाषेत? आणि ती भाषा नक्की कुणाची?

बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून

ही गोष्ट सुरू होते रमाबाईंच्या वडिलांपासून. त्यांचं नाव अनंतशास्त्री डोंगरे.

तरुणपणी ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. हे गुरुजी पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवायला जायचे. त्यांच्यासोबत गेलेल्या अनंतशास्त्रींनी एका बाईच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात विचार पक्का बसला, आपणही आपल्या बायकोला शिकवायचं.

त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. संस्कृत ही शास्त्रांची भाषा. ती बाईने शिकावी हेच समाजाला मान्य नव्हतं. पहिल्या बायकोच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधापुढे त्यांचं काही चाललं नाही. पुढे दुसरं लग्न झालं ते लक्ष्मीबाईंशी, तेव्हा मात्र त्यांनी माघार घेतली नाही.

विरोध इतका झाला की त्यांना उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे उभं राहून उत्तर द्यावं लागलं. बायकांनी संस्कृत शिकू नये असं शास्त्र सांगत नाही, हे त्यांनी शास्त्रांतलेच दाखले देऊन मांडलं. पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात त्यांनी बिऱ्हाड थाटलं होतं. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

वडिलांचं वय झालेलं, त्यामुळे रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईने. लक्षात घ्या, ज्या काळात मुलीला धुळाक्षरं गिरवू देणंही धाडसाचं होतं, त्या काळात एक आई आपल्या मुलीला संस्कृत शिकवत होती.

पुढे घरावर गरिबी आली. हे कुटुंब गावोगावी, तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागलं. या भटकंतीत रमाबाईंचं भागवत पुराण तोंडपाठ झालं. घरात मराठी, पाठांतर संस्कृतचं आणि वाटेत कानडी, हिंदी, पुढे बंगाली अशा भाषा कानावर पडत गेल्या, त्यांना येत गेल्या.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळाने या कुटुंबाचा घास घेतला. आईवडील गेले, मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देश तुडवत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले.

पदवी मिळाली, पण प्रश्नही मिळाला

कलकत्त्यात खळबळ उडाली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, शास्त्रचर्चा करते, हे तिथल्या पंडितांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी परीक्षा घेतली, सत्कार केला आणि पदव्या दिल्या.

पण इथेच एक वेगळी गोष्ट घडली. बायकांपुढे व्याख्यानं द्यायची म्हणून रमाबाईंनी धर्मशास्त्रं बारकाईने वाचायला घेतली. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली.

आजवर पाठ केलेले श्लोक वेगळे आणि नियम म्हणून वाचलेली शास्त्रं वेगळी. एकेक ग्रंथ वाचताना त्यांच्या लक्षात आलं की इतर बाबतींत या ग्रंथांचं आपसात पटत नाही, पण बाई कमी दर्जाची आहे आणि शूद्राला ज्ञानाचा अधिकार नाही, यावर मात्र बऱ्याच ठिकाणी एकमत आहे.

म्हणजे ज्या भाषेमुळे त्यांना मान मिळाला होता, त्याच भाषेतले ग्रंथ त्यांना सांगत होते की हा मान तुझा नाही.

पुढची काही वर्षं वादळासारखी गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे टीका झालीच. १८८१ साली मनोरमा ही मुलगी झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले.

वय अवघं तेवीस. पदरात लहान मूल. रमाबाई पुण्याला आल्या.

हंटर कमिशनपुढे मराठीत

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. त्याच वर्षी त्यांचं स्त्रीधर्मनीति हे मराठी पुस्तक आलं. या पुस्तकाची मराठी संस्कृत शब्दांनी भरलेली होती. साहजिकच होतं, ज्या भाषेत त्या विचार करायला शिकल्या होत्या, तीच भाषा कागदावर उतरली.

पण त्याच वर्षी त्या पुण्यात सरकारच्या शिक्षण आयोगापुढेही उभ्या राहिल्या. हाच तो हंटर कमिशन.

तिथे त्या मराठीत बोलल्या. मुलींना शिकवायला बायका हव्यात, त्या शिक्षिकांना नीट प्रशिक्षण हवं, त्यांना स्वतःची भाषा चांगली आली पाहिजे आणि जोडीला इंग्रजीही यायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलींच्या शाळा तपासायला बाईच असावी आणि बायकांना डॉक्टर होता यावं, हेही त्यांनी ठणकावून सांगितलं.

हंटर यांच्यावर याचा इतका प्रभाव पडला की त्यांनी ही साक्ष इंग्रजीत भाषांतर करून घेतली.

यातली क्रमवारी बघा. संस्कृतच्या पंडिता शिक्षिकेसाठी संस्कृत मागत नाहीत. आधी तिची स्वतःची भाषा आणि मग इंग्रजी, असं त्या म्हणतात.

क्रूसावर लॅटिन कशाला?

स्त्रीधर्मनीतिच्या विक्रीतून आलेल्या पैशांची मदत झाली आणि १८८३ साली रमाबाई मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते जमलं नाही. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रात संताप उसळला. आपल्या विद्वान मुलीने धर्म बदलला, म्हणजे ती परक्यांची झाली, असा सूर होता. जोतीराव फुल्यांनी मात्र आपल्या सत्सार या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली.

पण रमाबाई खरंच परक्यांच्या झाल्या होत्या का? इंग्लंडमधला त्यांचा पत्रव्यवहार काही वेगळंच सांगतो.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे सतत खटके उडायचे. एक वाद झाला क्रूसावरून. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन शब्द कोरलेले असायचे. रमाबाईंनी विचारलं, लॅटिनच का? मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या लोकांनाही येत नाही. शब्द हवेच असतील तर ते संस्कृतमध्ये असू द्या.

संस्कृत ही देवांची भाषा आहे म्हणून नव्हे, तर माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून, हे स्पष्ट करायलाही त्या विसरल्या नाहीत. ब्राह्मण जसे संस्कृतला पवित्र मानतात तसंच तुम्ही लॅटिनला मानता का, असा बोचरा सवालही त्यांनी केला.

दुसरा वाद झाला शिकवण्यावरून. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये त्या शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात असा विषय निघाला, तर चर्चच्या बिशपांनी हरकत घेतली. तसं केलं तर भारतात नाव खराब होईल, हे त्यांचं कारण. रमाबाई भडकल्या. ज्या देशात त्यांनी भरसभेत पुरुषांपुढे व्याख्यानं दिली होती, त्या देशात काय चालतं हे त्यांना इंग्लंडमधून शिकवलं जात होतं.

धर्म बदलला होता. पण माझ्या वतीने दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, हा हट्ट तसाच होता.

दोन विद्यार्थिनींची शाळा

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळण्याचं. जायचं होतं थोड्या दिवसांसाठी, राहिल्या जवळपास तीन वर्षं.

तिथे त्यांनी भारतातल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते १८८७ मध्ये आलं आणि हजारोंनी खपलं. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन उभी राहिली.

याच काळात त्या फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत शिकल्या. लहान मुलांना घोकंपट्टीने नाही तर खेळातून, वस्तू हाताळून, गाण्यांतून शिकवायचं, ही ती पद्धत. ती इंग्रजीतून उचलून तशीच आणून भागणार नाही हे त्यांना कळत होतं. म्हणून अमेरिकेत असतानाच त्यांनी मुलींसाठी मराठी वाचनपुस्तकं तयार करायला घेतली.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीला विद्यार्थिनी किती? फक्त दोन. त्यातल्या एक होत्या गोदूबाई नावाच्या बालविधवा. याच गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी लग्न केलं आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, सगळ्यांच्या बाया कर्वे.

१८९० साली शारदा सदन पुण्यात आलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. पण १८९३ मध्ये ठिणगी पडली. सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांना ख्रिस्ती केलं जातंय, असा आरोप झाला. केसरीने टीकेची झोड उठवली. सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि अनेक पालकांनी मुलींना घरी नेलं.

हा वाद निव्वळ गैरसमजातून आला होता असं म्हणता येणार नाही. शारदा सदन उघडताना धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ होणार नाही असं ठरलं होतं. आपण कुणावर जबरदस्ती केली नाही, पण स्वतःची श्रद्धा लपवणारही नाही, असं रमाबाईंचं म्हणणं. तर ज्या मुलीला जगात दुसरा आधारच नाही, तिच्यासाठी बाईंची श्रद्धा हेच दडपण ठरतं, असा विरोधकांचा मुद्दा. अक्षरासोबत ओळखही बदलते का, ही भीती त्या भांडणाच्या मुळाशी होती.

केडगावात नवाच प्रश्न

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंना स्वतःचं लहानपण आठवलं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली, बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध, जागाही अपुरी. म्हणून केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर वस्ती उभी राहिली. हेच मुक्ती सदन. १९०० च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळानंतर इथली संख्या जवळपास दोन हजारांवर गेली.

शारदा सदनात आलेल्या मुली मुख्यतः ब्राह्मण, उच्चवर्णीय घरांतल्या विधवा होत्या. केडगावला आलेल्या बायका मात्र शेतकरी, मजूर, वेगवेगळ्या जातींच्या, वेगवेगळ्या प्रांतांच्या. कुणाची बोली हिंदीच्या अंगाने जाणारी, कुणी गुजराती बोलणारी. पोटात अन्न नव्हतं, तिथे पुस्तकाची भाषा कुठून येणार?

तिथे शेती होती, माग होते, तेलघाणा होता, दुभती जनावरं होती. लहानांसाठी बालवर्ग होता आणि मोठ्यांनाही अक्षरओळख करून दिली जायची. जी शिकली तिने पुढच्या चारजणींना शिकवायचं, असा तिथला रिवाज. अंध मुलींसाठी ब्रेलही शिकवली जायची.

आणि शिकलेल्या हाताला लगेच काम मिळायचं ते छापखान्यात. आता विचार करा, कालपर्यंत निरक्षर असलेली बाई आज खिळे जुळवतेय. त्यासाठी अक्षर नुसतं ओळखून चालत नाही, उलटं वाचावं लागतं, काना-मात्रा तपासावी लागते.

इथे वाचायचं मुख्य पुस्तक होतं मराठी बायबल. आणि तिथेच गाडी अडत होती.

ते बायबल मिशनऱ्यांनी मराठी पंडितांच्या मदतीने केलेलं. मराठी होती, पण शास्त्रीबुवांची. आपल्याकडे बोलायची मराठी आणि लिहायची मराठी यांच्यात अंतर असतंच. घरात जेवण म्हणतो तिथे पुस्तकात भोजन येतं, पाण्याचं जल होतं. दोन-चार शब्द असतील तर चालून जातं. पण ओळीमागून ओळ तशीच आली, तर नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही.

रमाबाईंना दुसरीही एक अडचण दिसत होती. संस्कृत शब्द एकटा येत नाही, तो आपल्यासोबत जुन्या कल्पना घेऊन येतो. ज्या शास्त्रांनी बाईला अधिकार नाकारला, त्याच शास्त्रांचे शब्द नव्या पुस्तकात वापरले तर वाचणारीच्या मनात अर्थही तोच जागा होणार, असं त्यांना वाटत होतं. हे इतक्या बारकाईने कळायला स्वतः संस्कृत पंडिताच असावं लागतं.

पंडितेने केलेली उलटी मेहनत

मग त्यांनी ठरवलं, अख्खं बायबल नव्याने मराठीत आणायचं, आणि तेही साध्या बायकांना कळेल अशा मराठीत.

त्यासाठी इंग्रजी भाषांतरावर विसंबायचं नव्हतं. पन्नाशीच्या आसपासच्या वयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. दोन हजार माणसांच्या संस्थेचा कारभार, पैशांची ओढाताण, वाढत जाणारा बहिरेपणा, आणि त्यात हे काम. एक नाही, दोन नाही, पुढची जवळजवळ सगळी वर्षं त्यांनी यात घातली.

सोप्या मराठीत लिहिणं त्यांच्यासाठी सोपं नव्हतं. त्यांच्या लेखणीतून आपसूक यायचा तो संस्कृत शब्द. तो दरवेळी अडवायचा आणि त्याच्या जागी रोजच्या बोलण्यातला शब्द शोधायचा. लहानपणापासून जे कमावलं, तेच आता बाजूला सारत जायचं.

मजकूर तयार झाला की तो छापखान्यात जायचा. ज्या बायकांसाठी तो लिहिला होता, त्याच बायका तो जुळवायच्या आणि छापायच्या. वाचणारी, छापणारी आणि जिच्यासाठी लिहिलं ती, एकच.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. शाळांचं काम पाहणारी, आईनंतर संस्था सांभाळेल असं सगळ्यांना वाटत असलेली एकुलती एक मुलगी. रमाबाईंनी तरीही काम थांबवलं नाही. भाषांतराची शेवटची प्रुफं हातावेगळी केली आणि मगच त्यांनी डोळे मिटले, असं सांगितलं जातं. तारीख होती ५ एप्रिल १९२२. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये. अख्ख्या बायबलचं एकहाती भाषांतर करणाऱ्या जगातल्या मोजक्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

मग ते यशस्वी झालं का?

खरं सांगायचं तर चर्चमध्ये रुळलं ते बायबल सोसायटीचंच भाषांतर. रमाबाईंची आवृत्ती मागे पडली. म्हणजे जिथे सत्ता होती तिथे पुन्हा जुनीच भाषा टिकली.

त्यांच्या कामावरचे आक्षेपही संपलेले नाहीत. मुक्ती सदनात बाईला अक्षर मिळालं ते एका विशिष्ट धर्माच्या पुस्तकातून मिळालं. तिथे वाचायला शिकणं आणि ख्रिस्ती होणं या गोष्टी जवळजवळ हातात हात घालून चालल्या. ज्या रमाबाईंनी स्वतः प्रत्येक गोष्ट तपासून, भांडून स्वीकारली, तितकी मोकळीक दुष्काळातून आलेल्या उपाशी मुलीला होती का, हा प्रश्न आजही विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा.

पण त्याच वेळी एक धागा हातातून सुटत नाही. वाँटेजमध्ये संस्कृतसाठी भांडणाऱ्या रमाबाई आणि केडगावात संस्कृत बाजूला ठेवणाऱ्या रमाबाई, या दोन वेगळ्या बाई वाटतात. नीट पाहिलं तर दोन्हीकडे मुद्दा एकच आहे. ज्या माणसाशी बोलायचं, त्याला न कळणारी भाषा त्याच्यावर लादायची नाही. इंग्लंडमध्ये ती भाषा लॅटिन होती, केडगावात ती संस्कृतने जड झालेली मराठी होती.

१९८९ साली भारत सरकारने रमाबाईंच्या नावे टपाल तिकीट काढलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.

आणि आजही पहिल्यांदा शाळेत येणारं एखादं मूल घरी जे बोलतं त्यापेक्षा वेगळी मराठी पुस्तकात पाहतं, तेव्हा ते गप्प होतं. आपण म्हणतो, याला वाचता येत नाही. अशा वेळी रमाबाईंनी आधी मुलाकडे नाही, पुस्तकाकडे बोट दाखवलं असतं.